शॉकअप आणि स्प्रिंग घरी बदलायचे आहेत? सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात आमच्या दारात गाडीचं चाक काढून बसलो, की येणारा-जाणारा थांबतोच. "घरी जमतं का ओ हे?" इथपासून "किती वाचले?" इथपर्यंत सगळं विचारून होतं. मी गॅरेजवाला नाही. पण गेली बारा वर्षं माझी, भावाची आणि मेहुण्याची अशा तीन गाड्यांचं खालचं काम मीच करतो. ज्या मामांच्या गॅरेजमध्ये उभं राहून हे शिकलो, ते आजही अडलं की फोन उचलतात. खालची उत्तरं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच जोड) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असलेल्या लहान गाड्यांसाठी आहेत, म्हणजे स्विफ्ट किंवा आय-टेनसारख्या. मागे कमानपाटे असलेल्या बोलेरोसारख्या गाड्यांचं काम वेगळं असतं, ते इथे नाही.

घरी करावं का, की सरळ गॅरेजला द्यावं?

मागचे शॉकअप घरी करा. पुढचे स्ट्रट घरी काढा आणि घरीच बसवा, पण त्यातली स्प्रिंग दाबायचं काम वर्कशॉपमधल्या प्रेसवर करून घ्या. हे माझं ठाम मत आहे.

पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग कायम दाबलेली असते. गाडी जॅकवर असली, चाक लोंबत असलं, तरी ती पूर्ण मोकळी होत नाही. वरच्या माउंटिंगमधला, म्हणजे स्ट्रटला बॉडीशी जोडणाऱ्या भागातला, एकच नट तिला अडवून धरतो. मामांच्या गॅरेजच्या छताच्या पत्र्याला वाटीएवढा फुगवटा आहे. त्यांच्या हाताखालच्या एका पोराने स्प्रिंग न दाबता तो नट सोडला आणि माउंटिंग गोळीसारखं वर गेलं. पोराचं डोकं वीतभर बाजूला होतं म्हणून वाचलं. मला कामाला उभं करण्याआधी मामांनी तो फुगवटा बोटाने दाखवला होता. "वरचा नट आदी सोडायचा न्हाई. काईबी झालं तरी न्हाई." एवढंच बोलले.

बाजारात मिळणारे दोन हुकवाले स्प्रिंग कॉम्प्रेसर वाईटच असतात असं नाही. पण स्वस्त जोडाचे हुक गोल वेटोळ्यावरून घसरतात आणि एक बाजू जास्त, दुसरी कमी दाबली की स्प्रिंग वाकडी होते. प्रेसवर काही मिनिटांत होणाऱ्या आणि काहीशे रुपयांत भागणाऱ्या कामासाठी मी तो धोका घेत नाही.

शॉकअप आणि स्प्रिंग, दोघांचं काम एकच ना?

नाही. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचं डोलणं थांबवतो. आत तेलाने भरलेली नळी आणि बारीक भोकं असलेला पिस्टन असतो. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून जोराने जातं आणि हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांब पल्ला मारून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, नळी गरम लागते. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तेल आधीच पातळ झालेलं असतं. त्यात फेस झाला की शॉकअपची पकड ढिली होते. नायट्रोजन भरलेले गॅस शॉकअप येतात ते हा फेस रोखण्यासाठी.

म्हणून "गाडी खाली बसलीय" आणि "गाडी डोलतेय" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बसलेल्या गाडीला नवा शॉकअप घालून ती उचलली जाणार नाही.

शॉकअप गेलाय हे घरी कसं ओळखायचं?

बॉनेटवर दाब देऊन सोडायचा आणि गाडी किती वेळा झुलते ते मोजायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. तिने पूर्ण मेलेला शॉकअप कळतो, अर्धा मेलेला कळत नाही. त्यापेक्षा खाली वाकून नळी बघा. हलका ओलसर थर आणि त्यावर धूळ असेल तर काळजी नको. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, बोट लावल्यावर बोट काळं-चिकट होत असेल, तर सील गेलं. टायरवरून तळवा फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उसळत चाललंय.

आणि ब्रेक. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खूप खाली जातं, मागचा भाग हलका होतो. तुळजापूरच्या घाटातून उतरताना हे पहिल्यांदा जाणवतं. लोक याला आरामाचा प्रश्न समजतात, पण चाक रस्ता सोडतं तेवढा वेळ ब्रेक लागत नाही. मागच्या सीटवर पोरं आणि आई बसलेली असताना मला हे चालत नाही, तुम्हालाही चालू नये.

स्पीडब्रेकरवर खडखड आवाज येतो. शॉकअपच ना?

बरेचदा नाही. माझ्याकडे ही तक्रार घेऊन जितके जण आले, त्यांतल्या बहुतेकांची लिंक रॉड ढिली होती. स्टॅबिलायझर बार आणि स्ट्रट यांना जोडणारी ती बोटभर जाडीची दांडी. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चाक एका बाजूला वळवा, आत हात घालून दांडी जोराने हलवा. टक-टक वाजली तर आधी तीच बदला, शॉकअपपेक्षा पुष्कळ स्वस्तात सुटाल. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश आणि बॉल जॉइंटही आवाज करतात. स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग "टंग" करून उडी मारल्यासारखी वाटली, तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम झालंय.

शॉकअपचा खर्च करण्याआधी एवढं तपासाच. नवे शॉकअप घातल्यावर तोच आवाज तसाच ऐकणं फार त्रासाचं असतं, मी ते भोगलंय.

स्प्रिंग बदलायची वेळ कधी येते?

दोनदा. ती बसली तर किंवा तुटली तर. बसली का हे टेपने मोजा: गाडी रिकामी, सपाट जागेवर, चारही टायरमध्ये हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजा. दोन्ही बाजूंत बोटभर फरक असेल तर लक्ष घाला. मंगळवेढ्याहून दर वर्षी ज्वारीची पोती डिकीत भरून आणणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा सारख्याच बसल्या होत्या. डावी-उजवी सारखी होती म्हणून कित्येक महिने लक्षातच आलं नाही.

तुटते ती बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या वेटोळ्याच्या टोकाशी. तिथे बशीत, म्हणजे स्प्रिंग जिच्यात टेकते त्या खोलगट भागात, माती साचते, पाणी धरून राहते, रंग खरवडला जातो आणि गंज आत शिरतो. माझ्या गाडीच्या स्प्रिंगचा असाच तुकडा पडला होता. चाक काढल्यावर तो बशीतून घरंगळत फरशीवर आला, करंगळीएवढा. एक कड जुनी, तपकिरी गंजलेली. उरलेली कड ताजी, चांदीसारखी. म्हणजे अर्धा छेद कितीतरी दिवस गंजत होता आणि उरलेला एखाद्या खड्ड्यात एका दणक्याने गेला. गाडी चालवताना मला फक्त किंचित उजवीकडे ओढल्यासारखं वाटत होतं.

एकच शॉकअप गेलाय, एकच बदलला तर?

जोडीनेच बदला. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी वळणावर आणि ब्रेकवर दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते. स्प्रिंगांचंही तसंच.

कोणते भाग आणायचे?

शॉकअपची जोडी, त्यासोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर दणका झेलणारं रबर), धुळीचं रबरी कव्हर, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग. ही रबरं जुनीच ठेवून पैसे वाचवू नका. एकदा सगळं उघडल्यावर तेवढ्यासाठी परत उघडायची वेळ येते. सोलापूरच्या उन्हात रबर तसंही लवकर कडक होऊन चिरतं. दुकानात जाताना आरसी बुकचा फोटो आणि चॅसिस नंबर न्या, कारण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. डिझेल इंजिन जड असतं. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, ती तिच्या ताकदीची खूण. जुन्या स्प्रिंगवरचे पट्टे पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

डब्यावरचं नाव ओळखीचं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, नकली माल येतो. पक्कं बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ करणाऱ्या दुकानातून मी हा भाग घेत नाही.

रिपेअर केलेले शॉकअप, स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर, स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं: यांचं काय?

तिन्हींना माझा नकार आहे.

रिपेअर म्हणजे सीलबंद नळी कापायची, कुठलं तरी तेल भरायचं आणि वेल्डिंग मारायचं. आतले व्हॉल्व झिजलेलेच राहतात.

रबरी बफर वेटोळ्यांमध्ये अडकवले की गाडी थोडी उचलल्यासारखी दिसते, कारण स्प्रिंगची काही वेटोळी काम करायची थांबतात. सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो. बसलेल्या स्प्रिंगचं दुखणं त्याने झाकलं जातं, बरं होत नाही.

कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते आणि चाक लोंबलं की बशीतून सुटू शकते. गॅस कटरने तापवली तर पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. शिवाय कंपनीच्या मूळ मापापेक्षा गाडीत असा बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

हत्यारं काय लागतात?

हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, गोटी पान्यांचा सेट, लांब दांडा, रिंग पाने, ॲलन की, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि जाड सुतळी. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येतो तो) महाग वाटतो, पण तो नसेल तर काम सुरू करू नका, कुणाचा तरी मागून आणा. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक फक्त पंक्चरसाठी. त्याच्यावर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

जागा कशी हवी? आमचं अंगण मातीचं आहे.

मग तिथे नको. आपली काळी माती वरून टणक दिसते आणि वजन आलं की दबते. पावसाळ्यात तर विचारूच नका. भावाच्या प्लॉटवर मी एकदा काळ्या मातीवर स्टँड लावला होता. पाचेक मिनिटांत त्याचा एक पाय तिरका आत गेला. गाडी पडली नाही, कारण काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवलं होतं. तेव्हापासून ते चाक खाली सरकवल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

शहाबादी फरशीचाही भरवसा नको. स्टँडच्या पायाखाली सगळं वजन तीन-चार बोटांच्या जागेवर येतं आणि खाली पोकळ असेल तर फरशी तडकते. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. फरशीच असेल तर खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचं काम असेल तर हँडब्रेकचा उपयोग नाही, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे जास्त महत्त्वाचे. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करा. दहानंतर पाना हातात धरवत नाही आणि घामेजलेल्या, वैतागलेल्या माणसाच्या हातून चुका होतात.

मागचे शॉकअप कसे बदलायचे?

आदल्या रात्री सगळ्या बोल्टना स्प्रे मारून ठेवा. सकाळी चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा, मग गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा. टॉर्शन बीमच्या टोकाखाली जॅक टेकवून किंचित आधार द्या. शॉकअप हाच बीमला खाली लोंबण्यापासून अडवतो, तो सुटल्यावर बीम खाली येऊ पाहतो. ब्रेकचा पाइप ताणला जाऊ देऊ नका.

वरचा नट बऱ्याच गाड्यांत डिकीच्या आतून, कापडी आवरणाखाली सापडतो. खालचा बोल्ट चाकाच्या बाजूने असतो. दोन्ही सोडले की शॉकअप हातात येतो. नवा बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. दुकानात आडवा पडून राहिल्याने आत हवा चुकीच्या जागी गेलेली असते, ती वर सरकते.

स्प्रिंगही बदलायची असेल तर दोन्ही बाजूंचे शॉकअप खालून सोडा आणि जॅकने बीम हळूहळू खाली घ्या. बहुतेक लहान गाड्यांत स्प्रिंग मोकळी होऊन हाताने निघते, कॉम्प्रेसर लागत नाही. वरच्या-खालच्या रबरी बशा नीट बसवा, वेटोळ्याचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. इथे घाई केली तर स्प्रिंग फिरते आणि पहिल्याच खड्ड्यात दणका देते.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी समोर असते, काय कुठे होतं ते बघता येतं. फक्त स्प्रिंग काढताना हा नियम मोडावा लागतो, म्हणून फोटो काढा.

आणि पुढचे स्ट्रट?

चाक काढल्यावर आधी ब्रेकच्या पाइपचा क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी करा. मग लिंक रॉड. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नट गंजलेला असतो आणि पाना फिरवला की आतला बॉलही नटासोबत गोल फिरतो. बोल्टच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते. तारेच्या ब्रशने तिच्यातली माती पूर्ण उकरून काढा, की ठोकून खोलवर बसवा, एका हाताने ती स्थिर धरा आणि रिंग पान्याने नट फिरवा. अर्धी माती तशीच ठेवून जोर लावला तर खाच गोल होते आणि मग कापायला ग्राइंडर आणावा लागतो. भावाच्या गाडीवर माझी पूर्ण सकाळ या एका नटात गेली होती.

स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांना जोडणारे दोन मोठे बोल्ट सोडण्याआधी, दोन्ही भागांवर खडूने किंवा रंगाने खूण करा. चाकाचा तिरपेपणा या जोडावर ठरतो. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो, त्याला सुतळीने बांधून ठेवा. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळता कामा नये. फार बाहेर ओढला तर ॲक्सलचा आतला जॉइंट सुटायची भीती. शेवटी बॉनेटखालचे, माउंटिंग बॉडीला धरून ठेवणारे नट सोडा. त्यांच्या बरोबर मध्ये असतो तो एकटा नट. त्याला हात लावायचा नाही. खाली दुसऱ्या माणसाने स्ट्रट धरलेला हवा.

आता हे दोन्ही स्ट्रट जसेच्या तसे वर्कशॉपला न्या, नवे शॉकअप आणि रबरं सोबत द्या. तिथे उभे राहा. दोन गोष्टी बघा: स्प्रिंगचं टोक बशीच्या पायरीला टेकलंय का, आणि शॉकअपचा चकचकीत दांडा कुणी पकडीने धरत नाही ना. त्या दांड्यावर एक ओरखडा पडला तर सील काही दिवसांत फाटतं आणि नवा शॉकअप गळायला लागतो. माझ्या एका कामात असं झालंय, तेव्हापासून मी उभा राहतो.

बोल्ट किती आवळायचे?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक बोल्टचा आकडा असतो, तोच पाळा. अंदाजाने नाही, दुसऱ्या गाडीच्या आकड्याने नाही.

रबरी बुश असलेले बोल्ट, म्हणजे मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट, चाक हवेत असताना पूर्ण आवळू नका. रबर धातूच्या नळीला घट्ट धरून असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी हलकं लावा, जॅकने बीम वर उचलून गाडीचं वजन येऊ द्या, मग शेवटचा जोर द्या.

ब्रेक ऑइल काढावं लागतं का?

नाही. पाइप उघडायचा नसतो, फक्त क्लिपमधून सोडायचा असतो.

नंतर अलाइनमेंट लागेल का?

पुढचं काम केलं असेल तर लागेलच, त्याच दिवशी करा. खुणा कितीही नेमक्या जुळवल्या तरी केसभर फरक राहतो आणि तो टायर खातो. मागच्या टॉर्शन बीमला बहुधा काही जुळवायचं नसतं. फक्त मागच्या स्प्रिंगा बदलून गाडीची उंची बदलली असेल, तर एकदा तपासून घ्या.

किती किलोमीटर टिकतात?

८० हजार ते १ लाख हा ढोबळ अंदाज. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा पाच-सहा जणांच्या वाऱ्या, ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेले गावाकडचे रस्ते, न रंगवलेले स्पीडब्रेकर, एवढं धरलं तर त्याच्या निम्म्यावरही काम निघू शकतं. दर सर्व्हिसिंगला नळ्या बघत जा, आकडा लक्षात ठेवायची गरज नाही.

जुने शॉकअप भंगारात टाकले तर चालतं?

चालतं, पण भंगारवाल्याला सांगून द्या की आत तेल आहे आणि गॅसचा दाब असू शकतो. कापायला किंवा तापवायला घरी बसू नका.

काम झाल्यावर पहिल्यांदा कुठे चालवून बघायचं?

लगेच हायवेला नको. मी आधी आमच्याच रस्त्यावर पायी चालण्याच्या वेगाने जातो, खिडक्या खाली, रेडिओ बंद, दोन्ही बाजूंना स्टेअरिंग पूर्ण वळवून. मग विजापूर रोडवरून एक फेरी, दोन स्पीडब्रेकर सावकाश, दोन जरा वेगाने. परत येऊन टॉर्चने सगळे बोल्ट बघतो, ब्रेकचा पाइप टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही ना ते बघतो. साधारण १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासतो. मेहुण्याच्या गाडीचा मागच्या डाव्या चाकाचा एक नट त्या वेळी पाव फेरा फिरला होता.